चार मिलिमीटरचा हत्ती

"हे घट्ट आहे का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "कधी?"

गिऱ्हाईक चिडतं. म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या एका कारखान्याचे मालक तर खुर्चीतून उठलेच. त्यांच्या शेडमध्ये माल उचलणारी क्रेन छताखालच्या दोन लोखंडी तुळयांवरून पुढेमागे धावायची. तुळया जुन्या झाल्या होत्या, म्हणून मला बोलावलं होतं. "क्रेन पाच टनांची, तुळई पेलते दहा टन. हौदो अल्लवो, एवढं सांगा," ते म्हणाले. हो की नाही, मधलं काही नको. मी म्हटलं, "एकदाच उचलायचं असेल तर हो. रोज दीडशे खेपा आणि अशी आणखी दहा वर्षं, असं विचारत असाल तर मला बघावं लागेल." त्यांना वाटलं, मी काम वाढवतोय.

जमिनीवर सळया बांधायच्या तारेचे तुकडे पडले होते. एक उचलून मी वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. अकराव्या वेळी तुटला. "जोर प्रत्येक वेळी तेवढाच होता," मी म्हटलं. "दहा वेळा पेलला, अकराव्याला नाही." मालकांनी दुसरा तुकडा उचलला आणि स्वतः वाकवायला लागले. त्यांचा नवव्यालाच तुटला. "एकाच भेंडोळ्यातली तार ना? मग तुमचा अकरा आणि माझा नऊ कसा?"

"सर," मी म्हटलं, "हाच माझा धंदा."

बाहेरच्या माणसाला समजावायचं तर धंदा एवढाच आहे. ओझं कधी एका जागी गप्प बसत नाही. माणसं चढतात, उतरतात, नाचतात. वारा सुटतो आणि पडतो. पाण्याची टाकी सकाळी रिकामी होते, दुपारी भरते. ज्यावर हे ओझं येतं ते सामानही गप्प बसत नाही. लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, नट सैल होतात. एकीकडून ओझं बदलतं, दुसरीकडून ताकद बदलते. एखाद्या दिवशी ओझं ताकदीच्या वर जाईल, याची शक्यता इतक्या इतक्या वर्षांत किती, ते मी आकड्यात सांगतो. उत्तर शून्य कधीच येत नाही. ज्याला शून्य हवं त्याने बांधूच नये.

त्या तुळईच्या वेल्डिंगमध्ये केसाएवढी भेग सापडली. ती कापून काढली, नवा जोड दिला, आणि क्रेन आजही धावते. मालक मात्र मला अजून 'यावाग सार' म्हणतात. कन्नडमध्ये यावाग म्हणजे कधी. कधी-साहेब. हे नाव घरापर्यंत पोचलं तेव्हा माझी बायको विमला म्हणाली, "लग्नाला होकार दिलात तेव्हापण कधीपर्यंत म्हणून विचारलं होतं काय?" विचारलं नव्हतं. तिथे नमुना एकच होता, हिशेब करता आला नसता.

या धंद्याचं एक दुःखही सांगून टाकतो. आपण बरोबर होतो, हे सहसा कळत नाही. हुणसूरला तंबाखूचं एक गोदाम मी तपासलं होतं. लिलावाच्या दिवसांत वरच्या मजल्यावर गठ्ठे छतापर्यंत रचायचे, पावसाळी हवेत ते ओल धरून जड व्हायचे. मी सांगितलं, अर्धेच रचा. गोदामवाल्यांनी ऐकलं. काही झालं नाही. आता ते कधी बसस्टँडवर भेटले की विचारतात, "तेव्हा खरंच खचला असता काय हो मजला?" मला प्रामाणिकपणे म्हणावं लागतं, सांगता येत नाही. डॉक्टरचा पेशंट निदान उठून बसतो. माझा पेशंट पूर्वी जसा उभा होता तसाच उभा राहतो आणि लोक म्हणतात, फुकट खर्च झाला.

एकदाच, फक्त एकदाच, मला माझं उत्तर डोळ्यांसमोर काट्यावर चढताना बघायला मिळालं. ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते नक्की कुणाला सांगता येत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे आले की पहिला दिवस नुसते हसण्यात घालवतात. आजोबांपर्यंत कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा होता. त्यांच्यात एक रीत होती. पक्क्या रंगाची हमी दिली की ते कापड रंगाऱ्याने गिऱ्हाइकासमोर स्वतः धुवायचं, आणि धुतलेलं पाणी आपल्याच पांढऱ्या धोतरावर ओतायचं. रंग उतरला तर धोतर गेलं, आणि धोतराबरोबर नाव गेलं. वडील हे सांगून पुढे म्हणायचे, "पण एका धुण्यावरून रंग सांगू नये." मी त्यांचा रंगाचा धंदा घेतला नाही, हे वाक्य तेवढं घेतलं.

विजयादशमीला म्हैसूरची मिरवणूक ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्याला लागून आमच्या समाजाचं छत्र आहे. छत्र म्हणजे लग्नकार्याची आणि उतरायची जागा. त्याच्या अंगणात दर दसऱ्याला पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी उभी राहते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर फळ्या, दहा ओळी, सहाशे माणसं. समाजातले म्हातारेकोतारे, माहेरवाशिणी, सरगूर-हुणसूरकडचे नातेवाईक, सगळे त्या एका दिवसासाठी येतात. रस्त्यावरच्या गर्दीत ज्यांना दोन मिनिटं उभं राहवत नाही, त्यांना हत्ती दिसतो तो त्या गॅलरीतून.

छत्राचे अध्यक्ष मारुतीमामा. माझ्या आईचे चुलतभाऊ, जन्मभर रेशमाचं दुकान चालवलेले, वय पंचाहत्तर, आवाज तिशीतला. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी ते एक नकाशा घेऊन घरी आले.

"रंगू, आपले जुने इंजिनिअर मुलाकडे अमेरिकेला गेले. गॅलरी मजबूत म्हणून एक सही लागते. घरचाच माणूस असताना बाहेर कशाला जायचं? कर."

"बघून करतो, मामा."

"बघायचं काय? नकाशात सगळं आहे की."

नकाशात खरोखर सगळं होतं. उभे नळे, आडवे नळे, आणि त्यांच्यामध्ये तिरपे नळे. या तिरप्यांना कामगार 'क्रॉस' म्हणतात. चौकट नुसती असली तर ढकलल्यावर कलते. तिच्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकली की कलत नाही. गोठ्याच्या फाटकावरची तिरकी फळी त्यासाठीच असते. नकाशावर मी तिथल्या तिथे सही केली असती तर ती खोटी ठरली नसती. पण नकाशावर कुणी चढत नाही, म्हणून मी सामान बघायला गेलो.

गॅलरी उभी करणारा कंत्राटदार शिवण्णा. मेटगळ्ळीत त्याचं नळ्यांचं आवार आहे. मी एकेक क्लॅम्प हातात घेऊन बघायला लागलो. क्लॅम्प म्हणजे दोन नळ्यांना एकत्र आवळणारी लोखंडी पकड. उभ्या नळ्यांचे क्लॅम्प वापरून वापरून गुळगुळीत झाले होते, रंग कधीच उडालेला. क्रॉसच्या ढिगाकडे आलो तर नळे आणि क्लॅम्प नव्या नवरीसारखे. निळा रंग जसाच्या तसा.

"शिवण्णा, हे यंदा घेतलेस काय?"

"नाही सार, सगळं एकदमच घेतलेलं."

"मग हे इतके कोरे कसे?"

शिवण्णाने मान खाजवली. "ते नवरदेवाच्या फेट्यासारखे आहेत, सार. तपासणीपुरते घालायचे, जेवायच्या आधी उतरवायचे."

"जेवायच्या?"

मग त्याने सांगितलं. विजयादशमीला रस्ते सकाळीच बंद होतात, म्हणून आमची मंडळी सकाळीच छत्रात येतात. मिरवणूक दुपारनंतर. मध्ये त्या सगळ्यांना जेवायला घालावं लागतं. अंगण लहान, ऊन कडक, आणि सावली एकच, गॅलरीच्या खाली. पानं तिथे मांडायची तर क्रॉस मध्ये येतात. म्हणून छत्रातलीच माणसं पाना घेऊन सकाळी क्रॉस सोडायची आणि कोपऱ्यात नीट रचून ठेवायची. पंगत उठली की तीच मंडळी हात धुऊन वर चढायची. पूर्वीची गॅलरी लाकडी होती, बुटकी, तिन्ही बाजूंनी फळ्या ठोकलेली. त्या फळ्याच तिचे क्रॉस होते, हे कुणाला माहीत नव्हतं. लोखंडी गॅलरी आली, फळ्या गेल्या, पंगत तिथेच राहिली.

"तू काही बोलला नाहीस?"

"बोललो की सार. 'ऊटा माडकोंडु होगप्पा' म्हणतात. जेवून जा रे बाबा." त्याने जमिनीकडे बघितलं. "मग मी जेवतो."

छत्राच्या पंगतीचा कारभार तुळजाक्कांकडे. वाढपी त्यांना घाबरतात, आचारी घाबरतात, मारुतीमामा सर्वांत जास्त घाबरतात. मी छत्रात जाऊन दोघांसमोर सांगितलं, "या वर्षी क्रॉस काढायचे नाहीत."

"मग पान कुठे मांडू?" तुळजाक्का म्हणाल्या. "तुझ्या डोक्यावर?"

"नळ्यांच्या मधून मधून मांडा."

"मधून मधून! अरे, मी पंगतीच्या तोंडाशी उभी राहते. तिथून मला शेवटचं पान दिसलं पाहिजे. कुणाचा भात संपला, कोण म्हातारी लाजून मागत नाही, कुणाच्या पानावर काहीच पडलं नाही, ते मी तिथून बघते. तुझे ते आडवेतिडवे नळे मध्ये आले तर मी काय वाकून वाकून बघू? आपल्या पंगतीतनं आजवर कुणी अर्धपोटी उठलं नाही."

हे मी ऐकून घेतलं. त्यात हट्ट नव्हता, कारण होतं.

मामा मात्र हट्टावरच होते. "सहा वर्षं झाली लोखंडी गॅलरी येऊन. काय झालं? काही नाही."

"मामा, एका धुण्यावरून रंग सांगू नये."

"सहा धुणी झाली की रे!"

"आणि सातवं?"

"हे बघ," मामांचा आवाज चढला, "सुम्ने उगाच वाद नको. तुला जमत नसेल तर राहू दे. म्हैसुरात सहीवाले काय कमी आहेत?"

कमी नव्हते, हीच तर भीती. मी बाजूला झालो असतो तर दुसऱ्या कुणीतरी तो नकाशा बघून, अगदी प्रामाणिकपणे सही केली असती. विजयादशमीच्या सकाळी क्रॉस निघाले असते. आणि नकाशात नसलेल्या एका डुगडुगत्या सांगाड्यावर सहाशे माणसं चढली असती, त्यांच्यात माझी बायको आणि माझी मुलगीही.

मी म्हटलं, "मामा, मला एक दुपार द्या. आणि एक हत्ती द्या."

हत्ती आला की गॅलरीत काय होतं, ते म्हैसूरच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. सोन्याच्या अंबारीत देवी घेऊन हत्ती समोर येतो तेव्हा बसलेला माणूस बसून राहत नाही. उठतो, पुढे झुकतो, हात जोडतो, फुलं उधळतो. हत्ती पुढे गेला की बसतो, तोवर शेजारचे उठलेले असतात. म्हणजे उठण्याची एक लाट गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हत्तीबरोबर चालत जाते. वजन तेवढंच असतं, एक किलो वाढत नाही. पण बसलेलं वजन फक्त खाली दाबतं. उठणारं वजन पुढे ढकलतं, मागे ढकलतं. पूर्वीच्या तपासणीत फळ्यांवर वाळूची पोती ठेवून बघितलं होतं. वाळूची पोती हत्ती आला म्हणून उठत नाहीत.

शिवण्णाने अंगणात गॅलरीचा एक तुकडा क्रॉसशिवाय उभा केला. वाघ दाखवायचा म्हणून पिंजरा उघडायचा नसतो. मी खालच्या तीनच ओळी वापरल्या, चोवीसच माणसं बसवली, आणि सांगाडा दोन बोटांपलीकडे कलू नये म्हणून चारी बाजूंनी साखळ्या बांधल्या. वरच्या कडेला डायल गेज लावलं. घड्याळासारखं यंत्र असतं, नळा किती सरकला ते त्याचा काटा सांगतो. काटा मामा आणि तुळजाक्कांना दिसेल असा ठेवला.

चोवीस माणसं बसली. काटा अर्धा मिलिमीटर हलला.

"बघ!" मामा म्हणाले. "अर्धा!"

"आता हत्ती. हत्ती कोण होणार?"

"अध्यक्ष," तुळजाक्का पटकन म्हणाल्या. "तेवढ्या वजनाचं दुसरं आहे कोण?"

चोवीस जण इतके हसले की काटा पुन्हा हलला. मामा आधी रागावले, मग त्यांना ते बहुतेक आवडलं. कुणीतरी हातात लाल छत्री दिली. ती अंबारीसारखी उंच धरून मामा गॅलरीच्या समोरून सावकाश, डौलात चालायला लागले. "बंतु, बंतु, आने बंतु!" लोक ओरडले. आला, आला, हत्ती आला. चोवीसजण उठले, झुकले, झेंडूची फुलं मामांच्या टकलावर पडली.

काटा एकोणीसवर गेला.

लोक बसले. काटा परत आला, पण अर्ध्यावर नाही. तीनवर थांबला. "इथे बघा," मी म्हटलं. "अडीच मिलिमीटर परत आलेच नाहीत. क्लॅम्प तेवढे घसरले."

मामा परत निघाले. या वेळी हसू कमी होतं. तेवीस. परत आला तो सातवर. तिसऱ्या फेरीला क्लॅम्प कटकट वाजले आणि साखळी ताणून खणकन बोलली. सांगाडा दोन बोटांपर्यंत कलून साखळीच्या आधारावर उभा राहिला. मामा छत्री धरून जागच्या जागी थांबले.

"उतरा रे सगळे," तुळजाक्का म्हणाल्या. लोक उतरले. त्या काट्याकडे बघत होत्या. "चोवीस माणसं, तीन ओळी. तीनदा हत्ती. आणि दसऱ्याला त्याच्यामागे किती हत्ती, किती घोडे, किती चित्ररथ येतात..."

"प्रत्येकाला लोक उठतात," मी म्हटलं. "आणि दर वर्षी क्लॅम्प थोडे अधिक गुळगुळीत होतात. सहा वर्षं काही झालं नाही हे खरं. पण ही गॅलरी त्या सहा वर्षांपूर्वीची राहिली नाही."

मामांनी छत्री मिटली. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वयाला शोभेसा झाला. "मग काय करायचं? गॅलरी नाही? सरगूरची मंडळी यायची आहेत रे. नव्वदीची माणसं आहेत. पुढल्या वर्षी असतील, नसतील."

"आणि पंगत?" तुळजाक्का म्हणाल्या.

"दोन्ही होईल," मी म्हणून बसलो. हिशेबाआधी बोलायची माझी सवय नाही. पण त्या क्षणी बोललो, आणि मग ते खरं करणं भाग पडलं.

दुसऱ्या दिवशी मी तुळजाक्कांना त्यांच्या नेहमीच्या जागी उभं केलं आणि स्वतः शेवटच्या पानाच्या जागी मांडी घालून बसलो. मग पहिल्या पानाच्या जागी, मग मधल्या. प्रत्येक ठिकाणी "दिसतोस, दिसतोस, आता नाही, हां, आता दिसतोस" असं चाललं होतं. त्यांच्या डोळ्यापासून पानापर्यंतचा जो सरळ रस्ता, तो मी नकाशात मोकळा सोडला. इतर इंजिनिअर वारा, भूकंप धरतात. मी त्या नकाशात तुळजाक्कांची नजर धरली.

मग क्रॉस हलवले. पाठीमागे छत्राच्या भिंतीकडची ओळ पूर्ण क्रॉसची केली, तिथून कुणी ये-जा करत नाही. दोन्ही टोकांना क्रॉस लावले, आणि तुळजाक्कांची जागा टोकाच्या क्रॉसच्या आत घेतली. फळ्यांच्या लगेच खाली, जेवणाऱ्यांच्या डोक्यावर, तिरप्या नळ्यांची आडवी जाळी बांधली. लोकांनी वर कुठेही धक्का दिला तरी ही जाळी तो टोकांकडे आणि भिंतीकडे पोचवते. मध्यावर एक चौकट लागणारच होती. तिथले नळे दुहेरी केले आणि तिरपे फक्त वरच्या कोपऱ्यांत बसवले, कमानीसारखे. कमानीखालून नजर सरळ जाते. सगळे क्लॅम्प नवे मागवले.

हिशेब केला. सहाशे माणसं, हत्तीबरोबर चालणारी लाट, गॅलरी जास्तीत जास्त सहा मिलिमीटर हलेल आणि जागेवर परत येईल. मर्यादा मी दहाची ठरवली होती. मामांना सांगितलं, "त्या दुपारी ती मर्यादा ओलांडायची शक्यता लाखात एकाहून कमी."

"म्हंजे शून्य नाही?"

"नाही."

"शून्य कर की, रंगू. एवढं केलंस."

"शून्य पाहिजे तर अंगण मोकळं ठेवा, मामा."

तुळजाक्का मध्ये पडल्या. "माझ्या सांबारात मीठ जास्त पडायची शक्यता ह्याच्याहून कितीतरी जास्त आहे, तरी तुम्ही सगळे चाटून जेवताच ना? कर रे सही."

सही केली, पण आधी एक काम केलं. प्रत्येक नट आवळून झाल्यावर नटापासून नळ्यापर्यंत लाल रंगाचा एक पट्टा ओढला. नट जरा फिरला तरी पट्टा तुटतो आणि लांबून दिसतं. शिवण्णा म्हणाला, "आता पाना घेऊन कुणी आलं तर चोरी पकडली जाणार." मी म्हटलं, "रंग पक्का आहे." आमच्या घराण्याच्या हातात इतक्या वर्षांनी रंगाचा ब्रश आला होता.

विजयादशमीला मी सकाळपासून पट्टे बघत फिरत होतो. एकही तुटला नव्हता. दुपारी पंगत बसली, नळ्यांच्या कमानीखाली, सरळ रेषेत. टोकाच्या क्रॉसच्या आत तुळजाक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. मध्येच त्यांनी आवाज दिला, "अरे, त्या शेवटच्या पानावर भात! सरगूरची आजी बसलीय, मागायची नाही ती!" वाढपी धावला. मी मनात म्हटलं, नकाशा वाचता येतो बाईंना.

पंगत उठली, पानं उचलली गेली, आणि सगळे वर चढले. पोटभर जेवलेल्या माणसांचं वजन मी आधीच वाढवून धरलं होतं. गॅलरीच्या खाली आता कुणी थांबायचं नाही, असं मी बजावलं होतं. सगळे बाहेर गेले. मी आत राहिलो.

"यावाग सार, तुम्ही पण चला ना," शिवण्णा म्हणाला.

"तीन ठिकाणी काटे लावलेत, ते कोण वाचणार?"

खरं कारण तेवढंच नव्हतं. हमी दिली की पाणी आपल्या धोतरावर ओतायचं.

खाली सावली होती, आणि फळ्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे. वर सहाशे माणसांची कुजबुज, मुलांचे पाय, कुठेतरी माझ्या मुलीचं हसू. रस्त्यावरून बँड गेले, घोडे गेले, ढोल-तुताऱ्या गेल्या. सगळे बसल्यावर मी काटे शून्यावर लावले होते, दर वेळी ते एक-दीडवर जाऊन परत येत होते. मग एकदम वरची कुजबुज बंद पडली. लांबून एक आवाज उठला आणि आमच्याकडे येत राहिला.

डावा काटा हलला. एक. दोन. तीन. डोक्यावरच्या फळ्या धडाधड वाजल्या, "बंतु, बंतु!" चा गजर झाला, आणि काटा चारवर गेला. तो उतरतोय तोवर मधला चढला. चार. मधला उतरायला लागला आणि उजवा उठला, तोही चारला टेकला. हत्ती कुठे आहे ते मला पावलापावलाला कळत होतं. हिशेबात सहा, काट्यावर चार. वरून फटींतून झेंडूच्या पाकळ्या माझ्या डोक्यावर पडत होत्या. मग उजवा काटा खाली आला. मी तिन्ही काटे पुन्हा बघितले, चष्मा पुसून बघितले. शून्य, शून्य, शून्य. एका केसाचंही घसरणं नाही. लाल पट्टे सगळे अखंड.

मी एकटा माणूस, नळ्यांच्या जंगलात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. वर सगळेच वाजवत होते, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

मिरवणूक संपली, लोक उतरले. सरगूरची आजी नातवाचा हात धरून उतरली, गालाला हात लावून अजून नमस्कारच करत होती. मामा सर्वांत शेवटी आले. डोळे ओले, कपाळावर कुंकू, सदऱ्यावर पाकळ्या. वाकून गॅलरीखाली डोकावले.

"रंगू! आने बघितलास काय रे? काय ती अंबारी, काय तो डौल!"

"बघितला की, मामा."

"इथनं? ह्या नळ्यांतनं? केवढा दिसला तुला?"

"चार मिलिमीटर," मी म्हटलं.